वर्गासमोर बोलू द्यायचं की पुस्तकात चिठ्ठी ठेवायची?

सहावी ते आठवीच्या मुलांना कादंबरी वाचायला लावायची तर ती मोठ्यांनी सुचवून उपयोग नाही, वर्गातल्याच कोणीतरी सुचवायला हवी, हे तुम्हाला माहीत असणारच, नाहीतर तुम्ही हे वाचत बसला नसतात. सरांनी "फार सुंदर पुस्तक आहे हं" म्हटलं की त्या पुस्तकाचं तिथेच कल्याण होतं. आणि तेच पुस्तक मागच्या बाकावरच्या मुलीने "ए हे घे ना, यात तो मुलगा घर सोडून जातो आणि घरच्यांना दोन दिवस कळतच नाही" असं म्हणून दिलं की मधल्या सुट्टीत पळवापळवी. प्रश्न फक्त एवढाच की हे सांगणं घडवून आणायचं कसं. माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, आठवड्यातून एकदा वाचनाच्या तासाला मुलांनी वर्गासमोर उभं राहून बोलायचं. दुसरा, पुस्तक परत करताना त्यातच एक चिठ्ठी ठेवायची, पुढच्या वाचणाऱ्यासाठी. मी एक वर्ष पहिलं केलं आणि मग दोन वर्षं दुसरं, त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या वर्गांपुरतं आहे, तुमच्याकडे उलटंही होऊ शकेल.

व्हिडिओ करून घेण्याचा तिसरा पर्यायही होता, तो मी दीड महिन्यात बंद केला. मुलं पुस्तकाला पंधरा मिनिटं देतात आणि मागे कुठलं म्युझिक टाकायचं याला तीन दिवस, त्यात घरातले मोठे घुसले की बघायलाच नको. आणि तारे देण्याची पद्धत म्हणाल तर सातवीतलं मूल एकतर पाच देतं नाहीतर एक, मधलं काही नसतंच.

आता बोलणं. खरं सांगायचं तर मजा यातच जास्त आहे. जपानमध्ये बिब्लिओबॅटल नावाचा एक प्रकार आहे, २००७ मध्ये क्योटो विद्यापीठात तानिगुची तादाहिरो यांनी सुरू केलेला, मी त्याचेच नियम थोडे वाकवून घेतले होते. मूळ नियम असे की प्रत्येकाने स्वतः वाचून आवडलेलं पुस्तक आणायचं, ५ मिनिटं बोलायचं, मग २-३ मिनिटं प्रश्नोत्तरं, आणि सगळ्यांचं झालं की प्रत्येकाने एक मत द्यायचं. शाळकरी मुलांसाठी ३ मिनिटांचा छोटा प्रकार असतो, तोच घ्या, पाच मिनिटं दिली तर ही मुलं गोष्ट शेवटापर्यंत सांगून मोकळी होतात. यातली खरी हुशारी मत कशावर द्यायचं त्यात आहे. कोण छान बोललं हे विचारायचंच नाही, यातलं कुठलं पुस्तक तुला सगळ्यात जास्त वाचावंसं वाटतंय हे विचारायचं. वर्गात मुलं तरीही आपल्या मित्रालाच मत देतात, ते सोडा, पण निदान प्रश्न तरी बरोबर असतो.

आणि कधी कधी असं काही घडतं की तुम्ही चाट पडता. एका मुलाने एकदा काही सांगितलंच नाही. उभा राहिला, पुस्तक उघडलं, अर्धं पान वाचलं, त्यातली मुलगी अंधारात दाराच्या कडीला हात लावते तिथे पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसला. जेमतेम दीड मिनिट. वर्गात असा ओरडा झाला की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आलं. चिठ्ठीने हे होणं शक्य नाही, मान्य.

वेळेचं गणित मात्र आधीच करून ठेवा. ३५ मिनिटांच्या तासात तीन मिनिटं बोलणं, दोन मिनिटं प्रश्न, येण्याजाण्याचा गोंधळ, म्हणजे पाच जण होतात, खेचून सहा. ३८ मुलांच्या वर्गात एकाचा दुसरा नंबर यायला सात आठवडे. मग जी मुलं भराभर वाचतात त्यांना सांगायचं असतं आणि जागा नसते, आणि ज्यांचा नंबर आलाय त्यांनी काही वाचलेलंच नसतं, ती आदल्या दिवशी मलपृष्ठ पाठ करून येतात. कोण मलपृष्ठ बोलतंय ते दुसऱ्या वाक्याला कळतं, कारण तेरा वर्षांचं मूल स्वतःहून "एका विलक्षण प्रवासाची कहाणी" असं बोलत नाही.

गप्प बसणाऱ्या मुलांचं काय, हा मुद्दा सगळेच काढतात आणि तो खराही आहे. दानिएल पेनाक नावाचा फ्रेंच लेखक, स्वतः बरीच वर्षं शाळेत शिकवलेला, त्याने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले. पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क त्यात आहे, पानं गाळायचा आहे, आणि शेवटचा, दहावा, वाचलेल्याबद्दल काही न बोलण्याचा. आपण वर्गासमोर उभं करून नेमका तोच काढून घेतो. पण मी खरं सांगू का, या कारणासाठी मी बोलणं सोडलं नाही. लाजरी मुलं तिसऱ्या खेपेला बोलायला लागतात, निदान माझ्याकडे लागली.

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने आणि ती इतकी साधी आहे की आधी सुचली कशी नाही याचं अजून आश्चर्य वाटतं. पुस्तकाची प्रत एकच असते.

बघा काय होतं ते. एक मुलगी मस्त बोलते, मतं तिच्या पुस्तकाला पडतात, सतरा हात वर होतात. प्रत एक. मग नंबर लावा, यादी करा, यादी कपाटावर चिकटवा. एकेकाला दोन आठवडे धरले तर सतराव्याच्या हातात पुस्तक पडायला बत्तीस आठवडे लागतात, तोवर वार्षिक परीक्षा डोक्यावर आलेली असते. बरं, दोनऐवजी एक आठवडा करून बघितला. मग हळू वाचणाऱ्यांकडून पुस्तक अर्ध्यावर काढून घ्यावं लागलं, आणि एखाद्या मुलाच्या हातातून तो रंगात आलेला असताना पुस्तक काढून घेणं हे काम मी पुन्हा करणार नाही. वाढीव प्रती मागवून बघितल्या. त्या येईपर्यंत वर्ग भलत्याच पुस्तकावर गेला होता, आणि त्या तीन कोऱ्या प्रती कपाटात शेजारी शेजारी उभ्या आहेत, अजूनही.

माझ्या लक्षात राहिलाय तो यादीतला नववा मुलगा. बोलणं झालं तेव्हा हा बाकावरून अर्धा उठला होता, सर मला सर मला करत. त्याचा नंबर आला तेव्हा मधे चार महिने गेले होते. मी मोठ्या उत्साहाने पुस्तक त्याच्यापुढे धरलं, त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" अरे तूच नाव दिलं होतंस. "हो का? कोणी सांगितलं होतं?" घेतलं त्याने, माझ्याकडे बघून घेतलं, आणि दोन दिवसांनी परत आणून ठेवलं.

त्याची काही चूक नव्हती. बोलणं त्या तासात झालं आणि तिथेच संपलं, पुस्तक हातात आलं तेव्हा ते बोलणं सोबत आलंच नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक ही जोडी आपण येताजाता म्हणत असतो, पण चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं आहे आणि माझी ती यादी म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट होती. शिवाय सतरा जण एका पुस्तकापाठी लागले की कपाटातली बाकीची पुस्तकं त्या आठवड्यात कोणी हातात पण घेत नाही.

म्हणून चिठ्ठी. यात मूल ज्या क्षणी पुस्तक हातात घेतं त्या क्षणी शिफारस तिथेच असते, आणि पुस्तक हातात आहे याचाच अर्थ प्रत मोकळी आहे. वाट बघणं नाही. सोय अगदी साधी, शेवटच्या पानाला आतून एक कागदी खिसा चिकटवायचा, पूर्वी ग्रंथालयाच्या पुस्तकांना असायचा तसा, आणि त्यात पोस्टकार्डाच्या आकाराचं जाड कार्ड.

सुरुवातीला हे प्रकरण अगदीच फुस्स निघालं, हे लपवत नाही. पहिल्या महिन्यातली सगळी कार्डं एकाच मुलाने लिहिल्यासारखी. "खूप छान पुस्तक आहे. मला खूप आवडले. सर्वांनी जरूर वाचा." एकजात सगळी. मग मी तीन शब्दांवर बंदी घातली, छान, आवडलं आणि जरूर. आणि तीन गोष्टी लिहायच्याच असं ठरवलं: पुस्तकाने कुठल्या पानावर पकडलं, कुठे कंटाळा आला, आणि हे कोणी वाचू नये. हा शेवटचा प्रश्न म्हणजे जादू आहे. हे कोणी वाचावं विचारलं की मुलं "सर्वांनी" लिहितात, कोणी वाचू नये विचारलं की खरं बोलायला लागतात.

एक कार्ड मी उतरवून ठेवलंय, जसंच्या तसं देतो. "पहिली ३० पानं नुसतं गावाचं वर्णन आहे. माझ्या ताईने तिथेच सोडलं. मी पण सोडणार होतो पण लाईट गेलेली आणि दुसरं काही नव्हतं. पान ३१ वर कळतं की आजोबा पहिल्यापासून खोटं बोलतायत. ज्यांना मारामारी पाहिजे त्यांनी घेऊ नका, यात एकच थप्पड आहे." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "थप्पड कुठल्या पानावर?" आणि त्याखाली तिसऱ्या, "शोध ना. मला पण शोधावी लागली."

आता सांगा, या मुलाला वर्गासमोर उभा केला असता तर त्याने मी कंटाळलो होतो हे सांगितलं असतं का. मला नाही वाटत. समोर अडतीस चेहरे आणि कोपऱ्यात सर असले की सगळं पुस्तक पहिल्यापासून आवडलेलंच असतं. आणि तीस पानं दम धर, पुढे आहे, हे कळणं या वयाच्या वाचणाऱ्याला किती उपयोगाचं आहे ते पुस्तकं अर्ध्यावर सोडणारी मुलं ज्याने पाहिलीत त्याला सांगायला नको.

शेवट फोडण्याचं दुखणं दोन्हीकडे आहे, त्यात चिठ्ठी काही सोवळी नाही. उलट बोलताना कोणी शेवट सांगायला लागलं तर वर्गच ओरडून गप्प करतो, कार्डावर एकदा "कुत्रा मरतो" लिहिलेलं असलं की असतंच ते. माझ्याकडे लिहिलं होतं एकाने, मोठ्या अक्षरात, वर दोन उद्गारचिन्हं. त्यानंतर नियम केला की शेवटाबद्दल जे काही असेल ते कार्डाच्या मागच्या बाजूला, आणि मागची बाजू वाचून झाल्यावरच बघायची. सगळे पाळतात असा माझा मुळीच गैरसमज नाही. पण गंमत म्हणजे काही मुलांना कुत्र्याचं आधीच माहीत असायला हवं असतं, एका मुलीने मला स्पष्ट सांगितलं, प्राणी मरणार असेल तर मी वाचणार नाही, आधी बघून घेते. तिच्यासाठी मागची बाजू हीच पहिली बाजू.

चिठ्ठीचा मला जाणवलेला खरा तोटा म्हणजे ती फार सावकाश चालते. बोलण्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, सतरा हात दिसतात, मुख्याध्यापकांना दाखवता येतात. कार्डं सुरू केली तेव्हा मधले अडीच-तीन महिने काही घडतंय असं वाटतच नव्हतं, मी बंद करायच्या बेतात होतो. मग कधीतरी लक्षात आलं की मुलं कपाटापाशी आल्यावर मुखपृष्ठ न बघता थेट मागचं पान उघडतायत, पुस्तक आधी उलटं करून. कार्ड भरलेलं असेल तर घेतात, नाहीतर ठेवून देतात. म्हणजे नवी पुस्तकं उपाशी राहतात, त्यांचं पहिलं कार्ड कोणीतरी लिहायला लागतं, ते मी माझ्या त्या चार-पाच वाचणाऱ्या मुलांच्या गळ्यात मारतो.

तुमचा वर्ग लहान असेल, वीसच्या आत, किंवा एकेका पुस्तकाच्या चार-पाच प्रती असतील, तर बोलणंच घ्या, मी आडवा येणार नाही, ती मजा खरंच वेगळी आहे. लिहायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो अशी मुलं बरीच असतील तरी बोलणंच बरं. दोन्ही एकदम करता येईल का असं पण विचारतात लोक. येईल, मी आता सहामाहीत एकदा बोलण्याचा तास ठेवतो, पण अट एकच, जे पुस्तक त्या दिवशी कपाटात आहे त्याच्याबद्दलच बोलायचं आणि बोलून झाल्या झाल्या ते चिठ्ठ्या टाकून एकाला देऊन टाकायचं, यादी करायची नाही. बाकीचे सोळा हात हिरमुसतात थोडे. मग ते पुस्तक फिरून परत येतं तेव्हा निदान त्यात कार्ड असतं.

आणि सुरू करणार असाल तर कार्डं पेनाने लिहून घ्या. मी पहिल्या वर्षी पेन्सिल चालेल म्हटलं होतं, सहा-सात हातांतून गेली की काही वाचता येत नाही.