गॅस बॉयलरऐवजी हीट पंप: रंगाई विभागातले अकरा महिने

मी कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या युटिलिटी विभागात काम करते. वाफ, पाणी, हवा, वीज हे सगळं आमच्याकडे. अकरा महिन्यांपूर्वी रंगाईच्या गरम पाण्यासाठी आम्ही अमोनियावर चालणारा हीट पंप बसवला, म्हणजे कमी तापमानाची उष्णता विजेच्या जोरावर उचलून जास्त तापमानाला देणारं यंत्र. तोवर हे काम गॅसच्या बॉयलरवर चालायचं. असा पंप घ्यावा की नाही या विचारात कोणी असेल, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी पंपाबद्दल नाही, मोजमापाबद्दल सांगते, कारण खरी कमाई तिथेच झाली. सुती कापडाची रिअ‍ॅक्टिव्ह रंगाई साधारण 60 अंशांवर होते. त्यासाठी आम्ही 7 बार दाबाची, म्हणजे जवळजवळ 170 अंशांची वाफ करत होतो. लांबच लांब पाइपांतून ती फिरवायची आणि शेवटी तिनं कोमट पाणी गरम करायचं. वाटेत गळके स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा), गटारात जाणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी. आणि रंगाई झाली की 50 अंशांचं पाणी सरळ सांडपाण्यात. दोन आठवडे प्रत्येक यंत्राच्या भरण्याचं आणि सोडण्याचं तापमान वहीत उतरवलं, तेव्हा हे डोळ्यांत भरलं. इतकी वर्षं आम्ही गॅस जाळून तयार केलेली उष्णता रोज नाल्यात ओतत होतो, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आता रचना अशी आहे: सांडपाण्याची उष्णता आधी थेट एक्स्चेंजरमधून (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) ताज्या पाण्याला मिळते, उरलेली पंप उचलतो आणि पाणी 85 अंशांवर नेऊन टाकीत सोडतो. क्रम महत्त्वाचा. जे फुकट गरम होतं त्यासाठी पंपाचा वीज खाणारा कॉम्प्रेसर फिरवायचा नाही. बोडो लिन्हॉफ यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आणलेल्या पिंच विश्लेषणातून, म्हणजे कारखान्यातली उष्णता कुठून कुठे वापरता येईल हे ठरवायच्या पद्धतीतून, हेच शिकायला मिळतं.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर पाणी 30 वरून 85 अंशांवर न्यायला सुमारे 64 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. 90 टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला त्यासाठी 71 युनिट गॅस जाळावा लागतो आणि सुमारे 14 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमचा पंप चांगला चालतो तेव्हा एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देतो, म्हणजे त्याच पाण्याला 18 युनिट वीज. ती वीज निव्वळ कोळशाची असेल तर युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे सुमारे 18 किलो. मग गॅसच बरा ठरतो. म्हणून वीज कुठून येते हे विचारल्याशिवाय पंपाला हिरवा म्हणू नका. खर्चाचंही तसंच. विजेचं एक युनिट गॅसच्या एका युनिटाच्या पावणेचार पटींहून महाग नसेल, तर पंप चालवायचा खर्च गॅसपेक्षा कमी येतो.

तिसऱ्या महिन्यात आम्ही अडकलो. साडेतीनचा आकडा तीनच्याही खाली घसरला. पुरवठादार म्हणे, कॉम्प्रेसर तपासतो. आमच्या फिटरकाकांनी मात्र सांडपाण्याकडचा प्लेट एक्स्चेंजर उघडायला लावला. प्लेटांमध्ये सुताच्या तंतूंचा राखाडी थर बसला होता, घोंगडीसारखा घट्ट; बोटानं ओढला तर सलग पट्टा निघाला. रंगाईचं पाणी कधीच स्वच्छ नसतं, पण संकल्पन करणाऱ्यांनी स्वच्छ पाणी गृहीत धरलं होतं. याचा मला आजही राग आहे, कारण आम्ही पाण्याचे नमुने आधीच दिले होते. शेवटी एक्स्चेंजरच्या आधी फिरती गाळणी बसवली, रुंद फटींचा एक्स्चेंजर घेतला, आणि दर आठवड्याला उलट्या दिशेनं पाणी सोडून धुणं सुरू केलं. तेव्हापासून आकडा टिकून आहे.

डाइंग मास्तरांना रंगाची छटा बिघडेल अशी भीती होती. ती खोटी ठरली. उलट यंत्र थेट गरम पाण्यानं भरतं, त्यामुळे थंड पाणी यंत्रात तापवण्याचा वेळ वाचतो आणि प्रत्येक घाण्याची सुरुवात एकाच तापमानाला होते. मास्तर स्वतःच सांगतात की शेड जुळवायला आता कमी वेळ लागतो. टाकी मात्र आम्ही लहान घेतली. चार यंत्रं एकदम भरायला लागली की ती रिकामी होते आणि वाफेचा व्हॉल्व्ह उघडावा लागतो. जागा असेल तर टाकीत हात आखडता घेऊ नका.

अमोनियाला घाबरून जाऊ नका, पण तो विषारी आहे हे विसरूही नका. गळतीचे सेन्सर, वेगळी खोली, वायुवीजन आणि प्रत्येक पाळीत प्रशिक्षित माणूस, यात तडजोड नको. आवाज बराच होतो. खोलीत कान झाकूनच जावं लागतं.

गॅस पूर्ण सुटलेला नाही. पॉलिएस्टर 130 अंशांवर रंगतं, त्याला वाफच लागते. कापड सुकवून स्थिर करणारे स्टेंटर 180 ते 210 अंशांवर चालतात, तिथे तर आमचा पंप पोहोचतच नाही. विजेनं विटा तापवून उष्णता साठवायची पद्धत आता आली आहे, हजार अंशांपर्यंत. पण आमच्या आवारात तिला जागा निघत नाही. सध्या स्टेंटरच्या धुराड्यातून जाणारी गरम हवा मोजतोय. वहीची पहिली सात पानं भरली आहेत.