बारा व्होल्टला घाबरलो आणि 12,700 रुपयांना बुडालो

मी बारावीला फिजिक्स शिकवतो. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी विचारणारच, ‘सर, तुम्ही?’ हो, मीच.

मे महिन्यातला रविवार. तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन बीडला परत निघालो होतो. सोबत बायको, मुलगी आणि 74 वर्षांची आई. दुपारी दोनला हायवेच्या कडेला एका रसवंतीवर थांबलो. रस पिऊन गाडीत बसलो, चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट. सेल्फ घेईना, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणायला लागले. अशा वेळी ‘मदत’ कुठून उगवते ते तुम्हाला माहीतच आहे. पाच मिनिटांत मोटारसायकलवर एक पोरगा हजर. मागे बॅटरी बांधलेली, खांद्यावर जंपर केबल. एवढी तयारी घेऊन कोणी उसाचा रस प्यायला येत नाही, हे मला आत्ता सुचतंय.

तो यायच्या आधी मी बॉनेट उघडलं होतं. बॅटरीच्या मायनसच्या क्लिपवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली. हात लावला तर क्लिप शिशाच्या खुंटावर सहज फिरली. बोटांना ते ढिलेपण अजून आठवतंय. दोष तिथंच होता, माझ्या चिमटीत. तेवढ्यात तो मागून ओरडला, “राहू द्या काका, करंट लागंल!” आणि मी हात मागे घेतला. कोरड्या हाताला बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे मी दरवर्षी वर्गात छातीठोकपणे सांगतो. पण 42 डिग्रीत आई पदरानं वारा घेत बसलेली, मुलगी रडवेली. अशा वेळी फिजिक्स आठवत नाही हो.

त्याच्या केबलच्या दातांनी खुंट सोडून क्लिपच पकडली आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. इथं 500 रुपये देऊन निघालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. तो म्हणाला, “बंद करा, चार्जिंग बगू.” मी बंद केली! चार्जिंग कधीही चालू इंजिनवर बघतात. साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, ठीक. बंद गाडीत तो काय बघणार होता, डोंबल?

मग “हेडलाईट लावून ठेवा” म्हणाला आणि मीटरच्या पिना क्लिपांवर टेकवल्या. खुंटावर नाही, क्लिपांवर. मीटरवर 10.1. “सेल गेला काका. अल्टरनेटरचे कार्बन बी गेलेत. पुढं घाटात बंद पडली तर लेकराबाळांचं अवघड व्हईल.” घाट म्हटल्यावर बायको म्हणाली, “अहो, करून घ्या.” तिला दोष देत नाही. गणित नंतर घरी मांडलं. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊएक अँपिअर, आणि कुजलेल्या सांध्यात पाव ओहम रोध धरला तरी सव्वादोन व्होल्ट तिथंच गळतात आणि क्लिपांवर तेवढे कमी दिसतात. बॅटरीला काहीच झालं नव्हतं. हाच प्रश्न मी परीक्षेत टाकतो.

आम्हाला चहाला पाठवलं. कार्बन, म्हणजे अल्टरनेटरमधले घासून झिजणारे तुकडे, बदलताना मी तिथं उभा नव्हतो, ही दुसरी माती. परत आलो तर हातात झिजलेले दोन कार्बन घेऊन उभा, “बगा, काय राहिलंय?” खिशातले असणार. हिशोब असा: जंप 500, बॅटरी 6,200 वजा जुनीचे 800 म्हणजे 5,400, कार्बन 1,450, मजुरी 600. एकूण 7,950. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर ‘1 वर्ष ग्यारंटी’. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा किराणा दुकानाचं. तेही दिसलं, तरी पिन टाकला. जुनी बॅटरी कधीच सोडू नका. माझी 14 महिन्यांची होती, 36 महिन्यांची वॉरंटी, आणि कार्ड घेऊन गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, बॅटरी आणा.

अकराव्या दिवशी गाडी पुन्हा मेली. आमच्या गल्लीतल्या वायरमननं ‘नव्या’ बॅटरीचं स्टिकर नखानं उचकटलं, खाली दुसरं स्टिकर. तारखेचे आकडे घासलेले. अल्टरनेटरच्या बोल्टवर जुन्या तेलाचा आणि धुळीचा थर जसाच्या तसा. “सर, याला पाना लागलाच नाही.” मग टर्मिनलवर गरम पाणी ओतून, पॉलिश पेपर मारून दाखवला. “एवढंच होतं. त्यानं बी हेच केलं असंल, तुम्ही चहाला गेल्यावर.” त्याचे 100 रुपये आणि नवी बॅटरी 4,650. बेरीज 12,700.

आता पोलिसांचं ऐका. एका ठाण्यात म्हणाले, ती जागा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात म्हणाले, हद्द आमची आहे, पण साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब आले तर म्हणे, तुम्ही राजीखुशीनं बॅटरी घेतली, पैसे दिले, ही दिवाणी बाब. मी म्हटलं, खोटं स्टिकर लावून विकणं राजीखुशी होते का? तर म्हणाले, मग क्यूआर आहे ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, बँकेत जा. बँकेतली मॅडम म्हणाली, पोलिसांचा कागद आणा. शेवटी ठाण्यातल्या एका जमादारानं अर्ज घेतला, पोच मागितली तर म्हणाला, “मास्तर, आठ हजारासाठी किती चकरा माराल?” चार सुट्ट्या गेल्या. ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, सगळं खरं. पण तक्रार कोणाच्या नावानं करू? वहीच्या पानाच्या?

हायवेवर बंद पडलात तर 1033 लावा, ती राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाईन. नंबर माहीत होता, सुचला नाही. कट-कट आणि दिवे मंद, तर आधी क्लिपा हलवून घट्ट करा. दिवे झकास पण सेल्फचा आवाजच नाही, तर सेल्फ किंवा त्याची वायरिंग. सेल्फ गरगर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल-स्पार्कचं बघा, बॅटरी विकणाऱ्याला हाकला. जंप करताना लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्याच्या प्लसला. काळी चांगल्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण तिथं हायड्रोजन असतो आणि ठिणगी उडते.

गाडीत आता दहा नंबरचा पाना असतो. आईला मी एकूण खर्च अडीच हजार सांगितलाय. तिलाही तो जास्त वाटला.