माजघरातली काचेची कौलं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीजवळच्या आमच्या कौलारू घरात दिवाळीनंतर माजघरावर काचेची 4 कौलं चढवली. आता 2 आहेत आणि तेवढीच पुरतात.

चूक डोळ्यांनी करवली. अंगणातल्या भर उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) प्रकाश असतो. तिथून आत पाऊल टाकलं की माजघर विहिरीसारखं काळंकुट्ट वाटतं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20-30 मिनिटं लागतात. म्हणून कौलांचा आकडा दारात उभं राहून ठरवू नका. आत पाटावर पंधरा मिनिटं बसा, मग वर बघा. 4 कौलांनी माजघराची ओटी झाली. दुपारी तिथे कुणाचा डोळा लागेना. दोन उतरवली आणि खोली पुन्हा निवली.

जागा ठरवताना कवडशाचा हिशोब आधी करा. छपराच्या दक्षिणेकडच्या पाख्यावर, म्हणजे उतारावर, जमिनीपासून 12 फुटांवरच्या कौलाचा कवडसा डिसेंबरात भर दुपारी साधारण 10 फूट उत्तरेला पडतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ थेट खाली. आमचा कवडसा थंडीत देवघराच्या उंबऱ्याला टेकायचा. उदबत्तीचा धूर त्या तिरप्या पट्ट्यात शिरला की निळसर वेटोळी दिसायची, बाहेर पडला की नाहीशी. भोवती काळोख आहे म्हणूनच ते दिसतं, आणि माणसं आपोआप हळू बोलतात. मेमध्ये मात्र त्याच कौलाखाली झोपाळा ठेवू नका, ऊन डोक्यावर येतं.

कौल घेताना जुनं एक मातीचं कौल दुकानात घेऊन जा. कारखान्यागणिक खाचा वेगळ्या असतात. खाच बसली नाही तर सांध्यातून पाणी आत ओढलं जातं आणि कौलांखालची लाकडी रीप कुजते. आमचं एक आषाढात असंच गळलं. प्लास्टिकचं स्वस्त पडतं, पण उन्हाने पिवळं होऊन तडकतं. शाकारणीच्या वेळी, म्हणजे पावसाळ्याआधी कौलं नीट करताना, काच उतरवून धुवावीच लागते, नाहीतर शेवाळ धरून उजेड हिरवट, मरगळलेला येतो. माकडांचा वावर असेल तर दोन कौलं जास्तीची आणून ठेवा.

रात्रीसाठी 6500 केल्विनची (निळसर पांढऱ्या उजेडाची) ट्यूब काढून 2700 केल्विनचा पिवळसर, 7 वॉटचा दिवा खाली, चार फुटांवर लावला. निळसर पांढरा उजेड झोप लांबवतो. पिवळ्या दिव्यात वाढप छान होतं. तांदूळ निवडायला मात्र तो अपुरा आहे, त्यासाठी वेगळा दिवा हवाच.