मुलाला सांभाळणाऱ्या ताईंची सुट्टी: खाडा कापायचा की पगार चालू ठेवायचा?

ताई आजारी पडल्या, तर त्या दिवसाचे पैसे द्यायचे का? खाडा कापणाऱ्यांचा हिशोब सरळ असतो: काम नाही, तर पैसे नाहीत. त्यात खोट नाही, कारण त्या दिवशी पर्यायी व्यवस्थेचे पैसे आपल्याच खिशातून जातात. पूर्ण पगारही दिला, तर एकाच दिवसाचे दोनदा मोजावे लागतात. पण पैसे कापले जाणार म्हटल्यावर अंगात ताप असतानाही ताई कामावर येतात आणि दोन दिवसांनी तोच ताप मुलाला चढतो. ही किंमत हिशोबात कुणी धरत नाही.

भरपगारी सुट्टी वाटते तितकी महाग नसते. आठवड्याचे 5 दिवस धरले, तर वर्षाचे 260 दिवस होतात. त्यातल्या 20 सुट्ट्या कापल्या, तर 240 दिवसांचे पैसे जातात, म्हणजे महिन्याला 20 दिवसांचे. न कापता साधारण पावणेबावीस. फरक महिन्याला पावणेदोन दिवसांच्या आत. शिवाय रक्कम दरमहा तीच राहते, आणि ताईही सुट्टी आधी सांगतात (निदान बहुतेक वेळा).

माझा कल भरपगारीकडे, पण मर्यादा ठरवूनच: वर्षाला अमुक दिवस, त्यापुढे खाडा. आपण गावाला गेलो, तर मात्र पैसे कापायचे नाहीत. त्या यायला तयारच होत्या. हे सगळं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या.