हृदयविकारानंतरचे बारा आठवडे : एका पुनर्वसन केंद्राचा अनुभव

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या वडिलांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. त्याच रात्री नाशिकमधील एका रुग्णालयात अँजिओप्लास्टी होऊन हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवण्यात आला आणि पाचव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणले. डिस्चार्ज कार्डावर सात गोळ्यांची यादी होती आणि तिच्याखाली, सहीच्या अगदी वर, ‘कार्डिअ‍ॅक रिहॅब’ असे दोन शब्द होते. त्यांचा अर्थ, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामातून आणि मार्गदर्शनातून हृदयरुग्णाला पुन्हा उभे करणे, आम्हाला कोणी समजावून सांगितला नव्हता. एकतीस वर्षे एसटीची गाडी चालवलेला माणूस घरी आल्यावर आपल्याच इमारतीचा जिना चढायला घाबरत होता, आणि त्या भीतीवर यादीत गोळी नव्हती. शोध घेता घेता शहरातल्याच एका हृदय पुनर्वसन केंद्राची माहिती मिळाली आणि बाबांनी तेथे बारा आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण केला. हे परीक्षण त्या केंद्राचे आहे. काही गंभीर तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. अशा कोणत्याही केंद्रात काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचकाला समजले तर माझे काम झाले.

आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी साधारण एक तास, अशी चोवीस सत्रे होती आणि शुल्क १४,४०० रुपये होते. आमच्या विम्यात बाह्यरुग्ण उपचार बसत नसल्याने ती सगळी रक्कम घरातूनच भरावी लागली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी पाऊण तास फाइल वाचली, टू-डी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल, पाहिला आणि मग सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतली. तीस मीटर लांबीच्या बोळाच्या दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवलेले होते. सहा मिनिटांत जमेल तितक्या फेऱ्या मारायच्या, दम लागला तर थांबायचे, पण घड्याळ चालू राहणार. बाबांचे अंतर ३१० मीटर भरले.

व्यायामाच्या खोलीत ट्रेडमिलसमोरच्या भिंतीवर श्रमाची मोजपट्टी मराठीत लावलेली आहे. ती ६ पासून सुरू होऊन २० वर संपते. ६ म्हणजे अजिबात श्रम नाहीत आणि २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. मोजपट्टी शून्याऐवजी सहापासून का सुरू होते, असे मी विचारले तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितले की निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणले की साधारणपणे त्याच्या नाडीचे ठोके मिळावेत, अशा बेताने ती बांधलेली आहे. बाबांसारख्या रुग्णांना मात्र ठोके मंदावणारी गोळी चालू असते, त्यामुळे केवळ नाडी मोजून श्रम किती होत आहेत हे ओळखता येत नाही आणि म्हणूनच रुग्णाच्या स्वतःच्या जाणिवेला महत्त्व येते. बाबांना ११ ते १३ ही मर्यादा आखून दिली होती. तिसऱ्या सत्रात त्यांनी धाप लागलेली असतानाही ‘अकरा’ असे सांगितले. ताईंनी यंत्राचा वेग न बदलता त्यांना सांगितले, “काका, नाशिकहून धुळ्यापर्यंतची गावे ओळीने म्हणा.” ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड, आणि तिथे बाबांचा श्वास तुटला. ताईंनी वेग उतरवला आणि कागदावर ‘१५’ लिहिले. नवव्या आठवड्यात त्याच वेगावर बाबा उमराणे, सौंदाणे, मालेगाव करत झोडग्यापर्यंत विनासायास गेले. रुग्णाला दुखावणार नाही अशा रीतीने त्याच्याकडून खरे उत्तर काढून घेण्याचे हे कौशल्य मला या केंद्रात पुन्हा पुन्हा दिसले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे कोणताही उपचार सुचवला गेला की ‘हे कशावरून?’ असे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. अनेक ठिकाणी या प्रश्नाने डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. इथे तसे झाले नाही, आणि केंद्राचा सर्वांत मोठा गुण मी हाच मानते. कोणते संशोधन कोणत्या रुग्णांवर झाले आणि ते बाबांना लागू पडते की नाही, हे इथे दर वेळी वेगळे करून सांगितले गेले. पुनर्वसनाचीच गोष्ट घेतली, तर वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात रुग्णांवर केलेल्या ८५ चाचण्या आणि २३,४३० रुग्ण एकत्र तपासले गेले होते. व्यायामावर आधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारा झटका आणि रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याची वेळ कमी झाल्याचे त्यात आढळले; सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. ही दुसरी बाब डॉक्टरांनी न विचारता सांगितली.

खरी कसोटी दुसऱ्या ब्लॉकेजच्या वेळी लागली. बाबांच्या उजव्या धमनीत सुमारे ५५ टक्के अडथळा आहे. तो तसाच का ठेवला, म्हणून नातेवाईक रोज फोन करत होते आणि माझ्या आतेभावाने तर एक बातमी पाठवली, जिच्यानुसार स्टेंटचा उपयोगच होत नाही. म्हणजे एका बाजूने ‘अजून एक स्टेंट घाला’ आणि दुसऱ्या बाजूने ‘घातला तोही फुकट’, अशा दोन टोकांत बाबा सापडले होते. डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतले आणि कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. पहिल्या रकान्यात त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘इस्केमिया’ ही चाचणी लिहिली. तिच्यात ५,१७९ रुग्ण होते. त्यांचा आजार स्थिर होता, म्हणजे त्यांना नुकताच झटका आलेला नव्हता. अशा रुग्णांत औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. छातीतल्या दुखण्याला मात्र आराम मिळाला. आतेभावाची बातमी याच चाचणीची होती. दुसऱ्या रकान्यात त्यांनी २०१९ ची ‘कम्प्लीट’ ही चाचणी लिहिली. बाबांसारखाच तीव्र झटका आलेले आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेले ४,०४१ रुग्ण तिच्यात होते. ज्यांच्या उरलेल्या मोठ्या अडथळ्यांतही स्टेंट बसवले, त्यांच्यापैकी ७.८ टक्क्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा झटका यांना सामोरे जावे लागले; ज्यांचे ते अडथळे तसेच ठेवले, त्यांच्यात हे प्रमाण १०.५ टक्के होते.

“मग बाबांचाही दुसरा अडथळा उघडायला हवा ना?” असे मी लगेच विचारले. डॉक्टरांनी त्याच चाचणीतली प्रवेशाची अट दाखवली : अडथळा ७० टक्के किंवा अधिक हवा, आणि ५० ते ६९ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर धमनीतला दाब मोजून रक्तप्रवाह खरोखर कमी होत असल्याचे सिद्ध व्हायला हवे. बाबांचा तो दाब रुग्णालयातच मोजलेला होता आणि समाधानकारक होता. अहवालातली ती ओळ आमच्यापैकी कोणीच वाचली नव्हती. घातलेला स्टेंट गरजेचाच होता आणि न घातलेला न घालणेच योग्य होते, हे बाबांना त्या कागदावरून समजले. तो कागद त्यांनी घडी करून पासबुकात ठेवला आहे. त्या रात्री बाबा बऱ्याच दिवसांनी सलग झोपले, असे आई म्हणाली.

अ‍ॅस्पिरिनबाबतही असेच झाले. झटका येत असताना किंवा नुकताच येऊन गेल्यावर ही स्वस्त गोळी किती मोलाची, हे १९८८ च्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीने दाखवले : पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. (याच चाचणीत राशीनुसार गट पाडले, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा लाभ होत नसल्याचे दिसले होते. लहान लहान गट पाडून काढलेले निष्कर्ष किती फसवे असतात, हे दाखवण्यासाठी संशोधकांनी ते मुद्दाम छापले. मी ते उदाहरण आता वर्गात शिकवते.) बाबांचे पाहून आमच्या शेजारच्या काकांनीही स्वतःच्या मनाने रोज ती गोळी सुरू केली होती. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी निरोप दिला की २०१८ च्या ‘अ‍ॅस्प्री’ या चाचणीत १९,११४ निरोगी ज्येष्ठांना अ‍ॅस्पिरिनने हृदयविकारापासून संरक्षण मिळाले नाही, रक्तस्राव मात्र वाढले. गोळी तीच असली तरी माणूस वेगळा आहे, हे काकांना पटले आणि त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ती थांबवली.

कार्यक्रमात योगाचाही समावेश आहे, आणि या विषयावर मला केंद्राचा प्रामाणिकपणा सर्वांत अधिक जाणवला. डॉ. दोरैराज प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्याच २४ रुग्णालयांत झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर ‘योग-केअर’ ही चाचणी केली, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा तातडीने दाखल व्हावे लागणे, अशा घटना योग करणाऱ्यांत ६.७ टक्के आणि इतरांत ७.४ टक्के होत्या. हा फरक योगायोगाने पडलेला नाही असे म्हणता येण्याइतका मोठा नव्हता. स्वतःच्या प्रकृतीविषयीचे समाधान आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे परतणे या दोन बाबतींत मात्र योग करणारे पुढे होते. दहा किंवा अधिक सत्रांना हजर राहिलेल्यांत घटना कमी होत्या, हेही खरे. पण मुळात ज्यांची तब्येत बरी तेच अधिक सत्रांना येऊ शकतात, म्हणून त्या तुलनेवर भिस्त ठेवू नये, असे योगशिक्षिकेने स्वतः सांगितले. आपण जे शिकवतो त्याची मर्यादा विद्यार्थ्यांसमोर मांडणारी व्यक्ती मला आदरणीय वाटते. बाबा तिच्या वर्गाला एकदाही चुकले नाहीत.

आता तक्रारी. याच केंद्राच्या स्वागतकक्षात ‘नैसर्गिक बायपास’ अशा मथळ्याची रंगीत पत्रके ठेवलेली असतात. पायांना पट्टे बांधून हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत ते हवेच्या दाबाने आवळायचे, असे एकूण ३५ तास, हा तो ईईसीपी नावाचा उपचार. १९९९ मध्ये १३९ रुग्णांवर झालेल्या त्याच्या चाचणीत छातीत दुखण्याचे प्रसंग कमी झाले आणि ट्रेडमिलवर हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे ईसीजीतले बदल उशिरा दिसू लागले. ज्यांना औषधे आणि शस्त्रक्रिया या दोन्हींनी आराम पडत नाही, त्यांच्यासाठी हे मोलाचे असू शकते. परंतु त्याने बायपासची जागा घेता येते, असे ती चाचणी दाखवत नाही. बाबांच्या छातीत दुखत नाही आणि त्यांना बायपास कोणी सुचवलेलाही नाही. तरीही काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ते पत्रक त्यांच्या हातात दिले आणि आगाऊ पैसे भरल्यास सवलत मिळेल असे सांगितले. बाबा दोन दिवस पुन्हा अस्वस्थ होते. मी डॉक्टरांकडे तक्रार केल्यावर व्यायामाच्या खोलीतली पत्रके काढली गेली, स्वागतकक्षातली मात्र आमच्या शेवटच्या सत्रापर्यंत तिथेच होती. आत जी संस्था एकेका आकड्याची इतकी काळजी घेते, तिने दारातच रुग्णाच्या भीतीचा असा वापर होऊ द्यावा, याचे मला अतिशय वाईट वाटते.

आहाराचा छापील तक्ताही निराशाजनक आहे. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल आहे. भाकरी, मटकी, शेंगदाण्याची चटणी, लोणचे आणि पापड यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. आमच्या घरात मीठ नेमके कुठून पोटात जाते, हे आहारतज्ज्ञांनी विचारले असते तर आईला पहिल्याच दिवशी मार्ग सापडला असता. सत्रे फक्त सकाळी ७ ते ११ या वेळेत असल्याने नोकरी करणाऱ्या रुग्णांची गैरसोय होते. आमच्या तुकडीतील नऊ जणांत एकच स्त्री होती आणि घरचा स्वयंपाक आटोपून येणे जमेना म्हणून तिने सहाव्या आठवड्यात येणे सोडले.

शेवटच्या दिवशी सहा मिनिटांत बाबांचे अंतर ४२५ मीटर भरले. बारा आठवड्यांनंतर वर्षभर दर तीन महिन्यांनी विनामूल्य तपासणी असते आणि आतापर्यंत केंद्राचा फोन दोन्ही वेळा ठरल्या तारखेला आला. अशा कार्यक्रमासाठी जाणाऱ्यांनी डिस्चार्ज कार्डाबरोबर अँजिओग्राफीचा पूर्ण अहवाल, टू-डी इको आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत, पैसे भरण्याआधी एक सत्र बसून पाहू द्यावे अशी विनंती करावी, आणि काउंटरवर सुचवलेला कोणताही जादा उपचार आतल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वीकारू नये.