पानिपतच्या तोफांची 'अस्सल यादी' विकणाऱ्यापासून सांभाळा

पुण्यातले वॉरगेमवाले आणि मराठा इतिहासाचं वेड असलेले, हे वाचाच. स्वतःला जुन्या सरदार घराण्यातला म्हणवणारा एक गृहस्थ व्हॉट्सॲपवर पानिपतात मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफांची अस्सल यादी विकतोय. माझे साडेचार हजार गेले आणि हातात आला निव्वळ कचरा.

मी आणि मित्र घरीच पानिपतचा हेक्स गेम, म्हणजे षटकोनी घरांच्या नकाशावरचा लढाईचा खेळ बनवतोय, अर्ध्या इंचाचे काउंटर, म्हणजे फौजेच्या सोंगट्या, दोन एमएमच्या पुठ्ठ्यावर स्टिकर चिकटवून कटरने कापायचे. घोडदळाचं कसंबसं जमतं, पण तोफखान्याला डोकं फुटायची वेळ येते. अब्दालीचे जंबुरके, म्हणजे छोट्या तोफा, उंटावरचे, म्हणजे मूव्हमेंट भरपूर पण रेंज कमी, आपल्या मोठ्या तोफा बैलांनी ओढायच्या, एकदा मांडल्या की हलवायची मारामार, मग एका काउंटरमागे तोफा किती धरायच्या आणि गोलंदाज किती, हे ठरवायला यादी पाहिजे होती. यानं ते बरोबर हेरलं. आधी रुमालाचा, म्हणजे फडक्यात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्याचा फोटो पाठवला, मग मोडीच्या एका पानाचा, मग "काका रुमाल सोडायला तयार नाहीत हो, थोडे ॲडव्हान्स टाका".

सगळे पैसे घेऊन झाल्यावर टाईप केलेली पीडीएफ आली. तारीख काय, तर १४ जानेवारी १७६१! अरे बाबा, तेव्हाचा कारकून पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ लिहील, नाहीतर मराठी दफ्तरात चालणारा सुहूर सन टाकेल, जानेवारी कुठून काढला? पुढे तर कहरच, "डाव्या बगलेस डी बॉइनचा कंपू", म्हणजे कवायती पलटण. हा युरोपी सेनानी डी बॉइन जन्मला १७५१ ला, महादजी शिंद्यांच्या नोकरीत आला १७८४ ला, पानिपतच्या दिवशी पोरगं नऊ वर्षांचं आणि तेही तिकडे युरोपात सॅव्हॉयमध्ये.

मोडीचं पान ओळखीच्या एका ताईंना दाखवलं, त्यांनी चहा संपायच्या आत वाचलं. कुठल्याशा गावच्या वसुलाचा हिशोब. बैल आहेत त्यात, पण नांगराचे.

फोन केला तर ब्लॉक. दिलेल्या पत्त्यावर शनिवार पेठेत गेलो तर वाडा कधीच पडलाय, सात मजली बिल्डिंग उभी, वॉचमन म्हणे तुमच्यासारखे अजून दोघं येऊन गेलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, पैसे परत येतील असं वाटत नाही.

कोणी असलं काही विकायला आलं तर पैशाआधी पान मागा आणि मोडी येणाऱ्याला दाखवा, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच, तिथे कोणीतरी भेटतं. आणि सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड नेटवर फुकट पडलेत, आम्ही आता त्यातच डोकं घातलंय, तोफांची संख्या अंदाजाने धरतोय आणि रूलबुकात तसं सरळ लिहितोय.

हा माणूस थांबलेला नाही. कालच एकाला खर्ड्याच्या लढाईची यादी म्हणून मेसेज गेलाय, नंबर नवा, पण मोडीच्या पानाचा फोटो तोच, डावीकडे वाळवीने खाल्लेला आणि खाली अंगठा दिसणारा.