तीन गाठींची पुडी

माणशी ३१० रुपये. एकवीस जणांचे झाले ६,५१०. एवढ्यात म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्या बायकांच्या गटाने बांधून दिलेलं, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत पुरलेलं जेवण, शिवाय २६ जानेवारीच्या पहाटेसाठी प्रत्येकी दोन नाचणीचे लाडू. मला भेटणारे शिक्षक सगळ्यात आधी हेच विचारतात, म्हणून हिशेब वर लिहून टाकला. पुढच्या जानेवारीत जे मुलांना घेऊन दिल्लीला निघणार आहेत त्यांनी बाकीचंही वाचावं.

आमचं हायस्कूल गोव्यातल्या बार्देश तालुक्यातलं. नववी-दहावीची अठरा मुलं, आम्ही दोघी शिक्षिका आणि सोबतीला एक पालक. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाचं संचलन कर्तव्य पथावर बसून बघायचं असं ऑगस्टमध्येच ठरलं होतं. तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ संकेतस्थळावरून काढली, २० रुपयांची. विक्री सुरू झाली त्या दिवशी तीन पालक आपापल्या घरी संगणकापुढे बसले आणि तिकिटं मिळाली, पण दोन वेगवेगळ्या कक्षांत विभागून. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ प्रतीत सोबत लागतं, म्हणून एकवीस जणांची आधार कार्डं निळ्या पाकिटात घालून मी स्वतःकडे ठेवली. स्वेटर बेळगावच्या नातेवाइकांकडून आले. आमच्या मुलांकडे लोकरीचं काही असायचं कारणच नाही.

खाण्याचं मात्र काही ठरेना.

दोन वर्षांपूर्वी आम्ही रायगडाला गेलो होतो. तेव्हा एका केटररकडून पुलाव आणि उसळ बांधून घेतली होती. उसळीत ओलं खोबरं होतं. सकाळी सातला बांधलेलं जेवण मुलांनी दुपारी तीनला खाल्लं आणि रात्री चार मुलं आडवी झाली. त्यातली एक मुलगी तेव्हा सातवीत होती. महामार्गाच्या कडेला बस थांबवून तिचं कपाळ धरून मी अर्धा तास उभी होते. घरी परत आल्यावर तिच्या आईने मला एक शब्दही सुनावला नाही, आणि तेच जास्त लागलं. या खेपेला तीच मुलगी, आता नववीत, दिल्लीच्या यादीत होती. गोवा एक्सप्रेसने मडगावहून हजरत निजामुद्दीन म्हणजे दोन रात्रींचा प्रवास. स्टेशनावर मिळेल ते मुलांना खायला द्यायची माझी तयारी नव्हती, आणि नुसत्या बिस्किटांवर कुणाला दिल्लीपर्यंत न्यायचीही नव्हती.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गोव्यात कुणाला नव्याने सांगायला नको. तिथे केळीवाल्यांपासून जवळच अस्नोड्याच्या बाजूच्या पाच बायका बसतात. त्यांचा स्वयंसाहाय्य गट आहे, पण पाटी नाही. पुढ्यात चिवडा, शंकरपाळे, लाडू, लोणच्यांच्या बरण्या. त्यांच्यातल्या वडीलधारीला सगळे वयनी म्हणतात, मीही तेच म्हणते. एकवीस जणांचं खाणं दोन रात्रींसाठी हवंय म्हटल्यावर त्यांनी दर सांगितला नाही. म्हणाल्या, “बाय, भुरगीं कितें खातात तें पयलीं सांग.” म्हणजे, मुलं काय खातात ते आधी सांग.

मग प्रश्नांची रांगच लागली. गाडी कितीला सुटते? डब्यात दिवे कधी मालवतात? आजारी कोण पडतं? जैन किंवा शुद्ध शाकाहारी कोण आहे? आणि शेवटी, कार्यक्रमाच्या दिवशी पोरं उठणार किती वाजता? हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी सांगितलं की कक्षात पिशवी, पाण्याची बाटली, खाण्याचे पदार्थ काहीच नेऊ देत नाहीत, पहाटे लवकर निघून तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं, संचलन साडेदहाला सुरू होतं आणि बाहेर पडेपर्यंत एक तरी वाजतो. वयनींनी हातातला चिवडा खाली ठेवला. बोटांवर मोजलं. “म्हणजे दहा तास पोटात काही नाही,” म्हणाल्या, “त्याचं वेगळं बघावं लागेल.” आणि दोन हजार आगाऊ घेतले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. रायगडानंतर जेवण कुठे आणि कसं शिजतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मुलांच्या हातात देत नाही. मागच्या पडवीत चूल पेटलेली, तव्यावर दशम्या. कणीक दुधात मळलेली, पाण्याचा थेंब नाही, म्हणून त्या टिकतात. मला माहीत नव्हतं ते पुढचं. तव्यावरून उतरलेली दशमी त्या एकावर एक रचत नव्हत्या. सुपात धुवट सुती कापड पसरलं होतं आणि दशम्या त्यावर एकेक सुट्या टाकल्या होत्या, वरून पंखा. गरम दशमीवर गरम दशमी ठेवली की मधे घाम सुटतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी बुरशी धरते. गटातली एक तरुण मुलगी प्रत्येक दशमी हाताच्या मागच्या बाजूने चाचपत होती आणि पूर्ण थंड झालेलीच उचलत होती. पाऊण तास मी तिथे बसले, एवढ्या वेळात तिने एकदाही घाई केली नाही.

ओलं खोबरं कशातही नव्हतं. गोव्यातल्या बाईला खोबऱ्याशिवाय स्वयंपाक करायला सांगणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. चटणी सुक्या खोबऱ्याची, कीस मंद आचेवर पार तांबूस होईपर्यंत भाजलेला, लसूण आणि सुकी मिरची घालून. बटाट्याची भाजी मोहरी-कढीपत्त्याची, अगदी कोरडी, आणि ती फक्त पहिल्या रात्रीसाठी. लाडवांना माडाचा गूळ घाला म्हणून मीच सुचवलं, मला त्याचा वास फार आवडतो. वयनींनी साफ नाही म्हटलं. माडाचा गूळ पाझरतो, चौथ्या दिवशी लाडू बसेल, म्हणून उसाचा. नाचणीचं पीठ तुपात भाजत होत्या तेव्हा वास पार रस्त्यापर्यंत येत होता.

बांधणीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. वर्तमानपत्राचा कागद कुठेच नाही. त्याची शाई अन्नाला लागते, तरी आपल्याकडे अजून सर्रास वापरतात. इथे केळीचं पान, जाळावर धरून मऊ केलेलं, म्हणजे दुमडताना चिरत नाही. त्यावर साधा कोरा कागद, आणि फुलं माळायच्या दोऱ्याने बांधलेलं. दोऱ्याला गाठी. एक गाठ म्हणजे पहिली रात्र: चार पुऱ्या, भाजी. दोन गाठी म्हणजे दुसरा दिवस आणि दुसरी रात्र: सहा दशम्या, चटणी, चिवडा, शंकरपाळे. तीन गाठींची पुडी छोटी, तिच्यात फक्त दोन लाडू. ती २६ तारखेची पहाट होईपर्यंत उघडायची नाही. दिवे मालवल्यावर वरच्या बर्थवरच्या पोराला अंधारात बोटाने कळावं म्हणून गाठी. दिवे कधी मालवतात ते त्यांनी का विचारलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

२३ जानेवारीला सकाळी अकराला तीन खोके शाळेच्या व्हरांड्यात पोचले, ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. मुलांची नावं पुड्यांवर पेनने लिहिलेली. कांदा-लसूण न खाणाऱ्या दोघांच्या पुड्यांवर नावाखाली रेघ.

गाडीत पहिली संध्याकाळ दूधसागरात गेली. जानेवारीत पाणी रोडावलेलं असतं, तरी सगळी पोरं एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली. कॅसल रॉक, लोंढा, आणि बेळगाव मागे पडलं तेव्हा एका गाठीच्या पुड्या सुटल्या. ती नववीतली मुलगी समोरच्या बर्थवर होती. तिने पान उघडलं, भाजी नाकाजवळ नेली, वास घेतला, थोडा वेळ थांबली आणि मग पहिला घास घेतला. मी दुसरीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भुसावळच्या आसपास दशमीचाही तिने वास घेतला. रात्री नाही घेतला. दशमी तेव्हाही मऊ होती. तोडताना दोरीसारखी ताणली जात नव्हती की भुगाही होत नव्हता.

आता तक्रार, आणि ती खरीच आहे. आग्रहाने मी मिस्कूट मागवलं होतं, म्हणजे कैरीचं लोणचं, एक किलो, सगळ्यांत मिळून. ते प्लॅस्टिकच्या डब्यात आलं आणि डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. भोपाळच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की तेल झिरपून पिशवीच्या तळाशी गेलंय, आणि तिथेच ते निळं पाकीट. कार्डं प्लॅस्टिकची होती म्हणून पुसून निघाली. दोन मुलांची लॅमिनेट न केलेली कागदी होती, त्यांच्या कडांना पिवळे डाग पडले. २६ तारखेला तपासणीत तेवढ्यावरून कुणी अडवलं असतं तर? ती रात्र मी नीट झोपले नाही. परत आल्यावर वयनींना सांगितलं, त्यांनी पाकीट मागून घेऊन स्वतः पाहिलं आणि मिस्कुटाचे पैसे परत दिले. तरी दोन रात्रींच्या प्रवासाला तेलाचं लोणचं त्या झाकणात द्यायला नको होतं, हे माझं मत कायम आहे.

दुसरं, चार पुऱ्या दहावीच्या मुलग्यांना पुरत नाहीत. सहा हव्यात. चिवडा तिखट होता. लहान चणीच्या दोघींनी तो तसाच परत आणला. तिसरं, छापील पावती मिळत नाही. वहीच्या कागदावर लिहून सही करून देतात, आणि शाळेच्या हिशेबाला ते चालवून घ्यायला मला थोडी खटपट करावी लागली. फोन संध्याकाळी सातनंतरच उचलतात. दिवसभर हात पिठात असतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही.

एका मुलाने तीन गाठींची पुडी मथुरेच्या आधीच फस्त केली. खोक्याच्या तळाशी वेगळ्या पानात सहा जादा लाडू बांधलेले होते, पैसे न लावता, वर चिठ्ठी: “जो खाईल त्याच्यासाठी.”

२६ तारखेला अडीचला मुलांना उठवलं. त्या दिवशी मेट्रो पहाटे तीनपासून सुरू होती. आम्ही उतरलो होतो तिथला चहा गरम होता, बाकी काहीच मिळण्यासारखं नव्हतं. खोलीच्या दारात अठरा मुलं स्वेटरवर स्वेटर चढवून ओळीने उभी, तोंडातून वाफ निघतेय, आणि हातमोजे काढून दोऱ्याच्या गाठी सोडताहेत. लाडू चौथ्या दिवशीही हाताने फुटत होता आणि आत कोरडा नव्हता. तुपाचा वास आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, “टीचर, घरचा वास येतोय.” नववीतल्या त्या मुलीने दोन्ही लाडू खाल्ले आणि जादातला अर्धा मागितला.

तपासणीत कागदांच्या डागांवरून कुणी विचारलं नाही. आम्ही बसलो, उजाडलं, धुकं हळूहळू विरलं. त्या वर्षी इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो प्रमुख पाहुणे होते आणि त्यांच्या देशाचं पथकही चाललं. सांस्कृतिक वारशावरचा गोव्याचा चित्ररथ समोर आला तेव्हा आमची मुलं जी ओरडली, पुढच्या रांगेतल्या पंजाबी आजी मागे वळून हसल्या आणि त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागल्या. बाहेर पडलो तेव्हा एक वाजून गेला होता. भूक सगळ्यांनाच लागली होती, पण चक्कर कुणाला आली नाही, पोट कुणाचं बिघडलं नाही. मी अठराही जणांना एकेक करून विचारलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा झाकणाचा.

शुक्रवारी सकाळी अकराच्या आत म्हापशात गाठा, नंतर त्या उठून जातात. एकवीस माणसांच्या ऑर्डरला आठ दिवस आधी सांगावं लागतं. गाडीची वेळ, मुलांची वयं आणि कोण काय खात नाही ते कागदावर लिहून न्या, त्या विचारणारच आहेत. मिस्कूट हवंच असेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी स्वतःची द्या, आणि ओळखपत्रं दुसऱ्या पिशवीत ठेवा.